हृदयरोग : वारसा किती, वर्तन किती?

आपल्या वस्तीतला एखादा कर्ता पुरुष पंचेचाळीस-पन्नाशीत हृदयविकाराच्या झटक्याने जातो. जलदान विधीला जमलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते, "त्यांच्या घरातच आहे ते. बापही असाच गेला." शेजारी उभा असलेला थोरला मुलगा ते ऐकतो आणि आपलीही पाळी ठरलेलीच, असे मनाशी धरून बसतो. मग तपासणी कशाला आणि तंबाखू सोडायची तरी कशाला? ते वाक्य अर्धे खरे आहे, अर्धे खोटे. त्यातले खरे कोणते आणि खोटे कोणते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, तसे त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागते. ते नेणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते, वाट बंद पडते आणि झटका येतो. हा थर वाढवण्यात एलडीएल या कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा असतो.

आता वारशाकडे वळू. आईवडिलांकडून आपल्याला जनुके मिळतात. हृदयरोगाचा धोका त्यांतून दोन प्रकारे येतो.

पहिला प्रकार एकाच सदोष जनुकाचा. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल पकडून आत घेणारी यंत्रणा असते. ती शोधून काढणारे अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे अडीचशे माणसांत एकाला ही यंत्रणा जन्मतःच अपुरी असते. त्याचे कोलेस्टेरॉल लहानपणापासून वाढलेले राहते. त्याच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. मात्र वेळीच ओळखला तर यावर औषधे आहेत, आणि ती गुणकारी आहेत.

दुसरा प्रकार अनेक लहान लहान फरकांचा. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर असा एक फरक सापडला. युरोपीय वंशाच्या वीस ते पंचवीस टक्के लोकांत तो आई व वडील दोघांकडूनही आलेला असतो, आणि त्यांचा धोका तीस ते चाळीस टक्क्यांनी अधिक आढळला. त्यानंतर अशा दोनशेहून अधिक जागा सापडल्या आहेत. एकेकाचा परिणाम थोडा, पण बेरीज मोठी होते.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर जनुके म्हणजे खात्यातली आरंभीची शिल्लक. कोणाची जास्त, कोणाची कमी. पुढचा जमाखर्च मात्र आपल्या हातचा असतो.

याला आधार आहे. २०१६ साली पंचावन्न हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपान नसणे, स्थूलपणा नसणे, नियमित व्यायाम आणि योग्य आहार या चार गोष्टी त्यात पाहिल्या होत्या. ज्यांचा जनुकीय धोका सर्वांत जास्त होता, त्यांच्यातही यांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांचा धोका, बेफिकीर राहणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ निम्मा आढळला.

आपल्या भागाचे चित्र तर अधिक बोलके आहे. बावन्न देशांतील एका पाहणीत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ येथील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, तर इतरत्र ५९व्या. याचे कारण रक्तात शोधण्याची घाई नको. २००७ साली संशोधकांनी दाखवून दिले, की तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातली घातक चरबी यांसारखी नेहमीचीच कारणे आपल्याकडे तरुण वयातच जमा होतात, आणि या फरकाचा मोठा भाग त्यांनीच उलगडतो.

तेव्हा करायचे काय? महागड्या जनुक-तपासणीच्या मागे लागण्याची गरज नाही. तसे हिशेब बव्हंशी युरोपीय लोकांवरून बांधलेले असल्याने आपल्याला ते तितकेसे लागू पडत नाहीत. बिनपैशाची तपासणी घरातच आहे. आजीला, काकांना विचारा : कोणाला झटका आला, कितव्या वर्षी? वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत आला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब तपासून घ्या. विडी, सिगारेट, मिश्री, तंबाखू सोडा. पंचशीलातील पाचव्या शीलाचा अर्थ तंबाखूपर्यंत न्यावा, असे आम्हांस वाटते.

कोणतीही गोष्ट एकाच कारणाने घडत नाही, कारणे बदलली की परिणामही बदलतो, ही तथागतांची शिकवण. माणसाचे भवितव्य जन्मावरून ठरवणारी व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत नाकारली. त्यांच्याच नातवंडांनी जनुकांपुढे मात्र हात टेकावेत, हे शोभत नाही. पुढच्या वेळी कोणी "घरातच आहे ते" असे म्हणाले, तर त्या मुलाला बाजूला घ्या आणि एवढेच सांगा, "म्हणून तर तू लवकर तपासून घे."