मुष्टियुद्ध : उतारवयातील विजेत्यांचे बचावतंत्र

वयोमानानुसार मुष्टियोद्ध्याची चपळाई घटते. अंतराचा अंदाज मात्र अनुभवाने पक्का होतो. त्यामुळे आक्रमक प्रतिस्पर्ध्याला सरळ ठोशांनी दूर ठेवणे, जवळ आल्यास मिठी घालून त्याचे हात जखडणे व त्याची दमछाक होऊ देणे, हे उपाय असा विजेता योजतो. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा (तत्कालीन झाईरे) येथे ३२ वर्षांच्या मुहंमद अलीने दोरांना रेलून २५ वर्षीय विश्वविजेत्या जॉर्ज फोरमनचे बरेचसे ठोसे हातांवर झेलले आणि आठव्या फेरीत थकलेल्या फोरमनला बाद करून विजेतेपद परत मिळविले. तथापि या तंत्रात आघात टळत नाहीत, ते सोसले जातात. डोक्यावरील वारंवार आघातांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. १९८० मध्ये लॅरी होम्सविरुद्ध ३८ वर्षांच्या अलीची लढत त्याच्या प्रशिक्षकाने दहाव्या फेरीनंतर थांबविली. केव्हा थांबावे हे जाणणे, हाही बचावाचाच भाग होय.