घडीची सायकल व एस्. टी.चा फाटा

ता. १ जून १९४८ रोजीं अहमदनगराहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराहून, पुण्यास पहिली एस्. टी. गाडी गेली, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सुमारें १२० किलोमीटरांचा तो रस्ता तेव्हांपासून सोपा झाला. परंतु खेड्यांतून शाळेस येणाऱ्या मुलास विचाराल, तर कठीण अंतर तें नव्हेच, असें तो सांगेल. वस्तीपासून फाट्यापर्यंतचा एक कोस आणि स्टँडापासून शाळेपर्यंतचा अर्धा कोस, हेच दोन तुकडे पाय थकवितात. चौंडीच्या लेकीच्या, अहिल्याबाई होळकरांच्या, नांवानें चालणाऱ्या योजनेखालीं एस्. टी. विद्यार्थिनींस विनामूल्य पास देते. ही मोठीच सोय होय. पण पास फाट्यापासून लागू होतो, घराच्या उंबऱ्यापासून नव्हे. आषाढांत वाट निसरडी झाली, अंधार लवकर पडूं लागला, कीं वडील मुलीस म्हणतात, 'आतां पुरे झाली शाळा.'

ह्या दोन तुकड्यांसाठींच जणूं घडीची सायकल निघाली आहे. तिच्या मधल्या दांड्यास बिजागरी असते. कळ सैल करतांच पुढचें चाक मागच्या चाकाजवळ येऊन बसतें. हँडलाचा खांब खालीं वळतो व बैठकीचा दांडा नळींत उतरतो. चाकें बहुधा सोळा किंवा वीस इंचांचींच असतात. चाक लहान म्हणून पाय फार मारावे लागत असतील, असें मुलांस वाटतें. परंतु पायट्याचें दांतेरी चक्र त्या मानानें मोठें ठेविलेलें असल्यामुळें ती उणीव भरून निघते.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या बी. एस्. ए. कारखान्यानें हवाई छत्रीनें उतरणाऱ्या शिपायांसाठीं अशी सायकल केली होती. तिचीं चाकें मात्र मोठींच होतीं. ती अर्धी होई, लहान होत नसे. ब्रॉम्प्टन नांवाच्या इंग्रजी सायकलीचा आराखडा अँड्र्यू रिची यांनीं १९७५ च्या सुमारास लंडनांत आरंभिला. ती घडी केल्यावर लांबी-उंचीस साठ सेंटिमीटरांच्या आसपास व जाडीस सुमारें सत्तावीस भरते. आमच्या रेल्वेनें डब्यांतील पेटीस १०० × ६० × २५ सेंटिमीटरांची मर्यादा घातली आहे. म्हणजे दोन सेंटिमीटरांचा वाद उरला. तो तिकिट तपासनिसाच्या सौजन्यावर सोंपवावा! बंगळूरच्या मेट्रोनें २०२२ सालीं अशी सायकल शेवटच्या डब्यांत नेण्यास मोकळीक दिली. एस्. टी.च्या टपावर साधी सायकल चढविण्याची रीत आमच्या पिढीनें पाहिली आहे. वर एकानें ओढावी, खालून दुसऱ्यानें रेटावी, आणि उतरतांना घंटी वांकडी झालेली आढळावी. घडीच्या सायकलीस हा खटाटोप नको. तरी सामानाचें भाडें पडेल काय, हें कंडक्टरास आधींच नम्रपणें विचारावें.

आतां आमच्या मुलखाचा विचार करूं. लहान चाक खड्ड्यांत अधिक खोल जातें व धक्काही अधिक देतें. शिवाय आमची काळी माती! पहिल्याच पावसांत ती चाक व मडगार्ड यांच्यामध्यें अशी भरते कीं, मोठी सायकलही खांद्यावर घ्यावी लागते. किंमतही साध्या सायकलीहून बरीच चढती. म्हणून ज्या गृहस्थास नोकरीनिमित्त नित्य आगगाडीनें जावें लागतें व ज्याच्या दोन्ही टोकांस डांबरी सडक आहे, त्यानें ती अवश्य घ्यावी. शेतकऱ्याच्या मुलीसाठीं कर्ज काढून ती घ्यावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. तिला घरून फाट्यापर्यंत साधी सायकल पुरे. उणीव आहे ती दिवसभर ती सायकल निर्धास्त ठेवण्याच्या जागेची. फाट्यावर चार खांब, वर पत्रे व सांखळी अडकविण्यास एक लोखंडी आडवा दांडा, एवढें पालकांनीं ग्रामपंचायतीकडे मागितलें, तर पुष्कळ वाट सरेल.

घडीची सायकल ज्यांनीं घेतली आहे, त्यांनीं बसण्यापूर्वीं बिजागरीची कळ घट्ट आहे कीं नाहीं हें रोज हातानें पाहावें. घडी केल्यावर साखळी दोन चाकांच्या मध्यें येते अशीच सायकल निवडावी. म्हणजे गाडींत शेजारीं बसलेल्या आजोबांच्या पांढऱ्या धोतरास वंगण लागणार नाहीं.