ऑइलच्या डब्यावरचा आकडा नेमका काय सांगतो?

"उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका" हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलाय. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो तपासून बघू.

५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली स्टार्टिंग चाचणी उणे ३० अंशांना होते. कामोठ्यात तेवढी थंडी कधीच पडत नाही. मागचा ४० सांगतो की १०० अंशांना व्हिस्कॉसिटी, म्हणजे श्यानता, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान आहे. ३० साठी हीच मर्यादा ९.३ ते १२.५.

पण कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागून बोरघाट जोरात चढताना ऑइल १०० अंशांच्याही वर तापू शकतं, आणि बेअरिंगमध्ये त्याचा पातळ थर प्रचंड वेगाने घासला जातो. म्हणून १५० अंशांना, जोरदार घर्षणात वेगळी चाचणी होते: ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतात, ५डब्ल्यू-४० ला ३.५. हा थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि बेअरिंग जातं.

मग सगळ्यात जाड तेच चांगलं? नाही. टोयोटा जीटी८६ ला ०डब्ल्यू-२० सांगितलंय, तर बीएमडब्ल्यू ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६०. दोन्ही स्पोर्ट्स कारच! बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, इंजिनचा वेग हे सगळं धरून कंपनी ग्रेड ठरवते. गरजेपेक्षा जाड ऑइल स्वतःच जास्त उष्णता तयार करतं. त्यामुळे आधी मॅन्युअल बघा आणि त्यात दिलेल्या पर्यायांतूनच निवडा.

संशोधनातही हेच. आकडा दिसला की आधी विचारा: हा कुठल्या परिस्थितीत मोजलाय, आणि माझी परिस्थिती तीच आहे का?