वैद्यकीय निष्काळजीपणा : दाव्याची मुदत केव्हापासून मोजावी?

जबलपूरचा एखादा रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला जातो आणि घरी परततो. काही वर्षांनी पोटदुखी बळावते व शस्त्रक्रियेच्या वेळचा कापडाचा तुकडा आतच राहिल्याचे तपासणीत आढळते, असे समजू. त्याचा भरपाई मागण्याचा हक्क शिल्लक असतो का?

ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मध्ये प्रारंभी तक्रारीसाठी मुदतच नव्हती. १९९३ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे ठरविण्यात आली. शुल्क आकारून दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शांता खटल्यात स्पष्ट केले. २०१९ च्या अधिनियमात कलम ६९ नुसार हीच मुदत कायम आहे. (दिवाणी दाव्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात.) खरा प्रश्न दोन वर्षांचा नसून ती केव्हा सुरू होतात, हा आहे.

श्रीखंडे खटल्याचा २०१० चा निकाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. गोव्यातील शासकीय रुग्णालयातील एका परिचारिकेवर नोव्हेंबर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. वेदना सुरूच राहिल्या. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत गॉज बाहेर काढण्यात आला आणि २००४ मध्ये तक्रार दाखल झाली. राज्य आयोगाने ती मुदतबाह्य ठरविली, राष्ट्रीय आयोगाने तो आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ती मुदतबाह्यच ठरविली. न्यायालयाने तत्त्व असे मांडले : इजा उघड असेल तर मुदत कृत्याच्या दिवसापासून; सुप्त असेल तर वाजवी दक्षता घेतल्यास ती ज्या दिवशी कळू शकली असती, त्या दिवसापासून. ‘कळली’ आणि ‘कळू शकली असती’ यांतील अंतर विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. अनुभवी परिचारिकेने नऊ वर्षे मूळ शल्यचिकित्सकाकडे विचारणा करू नये, हे न्यायालयास पटले नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता दक्षतेलाही किंमत असते. सीटी स्कॅनचा खर्च, बुडालेली मजुरी, प्रवास हे सारे त्यात आले. परिचारिकेस लावलेली कसोटी निरक्षर शेतमजुरास जशीच्या तशी लावणे न्याय्य होणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुरेसे कारण दाखविल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. मात्र त्याची कारणे नोंदवावी लागतात.

मुदतीची दुसरी बाजू पुराव्याची आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावयाची असून, मागणी केल्यास ७२ तासांत द्यावयाची आहेत. नऊ वर्षांनी ती रुग्णालाही मिळण्याची खात्री नसते आणि डॉक्टरांना बचावासाठीही.

१९८६ च्या कायद्यान्वये आपल्या या रुग्णास तक्रारीसाठी नागपूरलाच जावे लागले असते. २० जुलै २०२० पासून तक्रारदार राहतो तेथील आयोगाकडेही दाद मागता येते. मुदत तीच असली, तरी जबलपूर–नागपूर खेपांत ती आता खर्ची पडत नाही.