घडीचा चाकू बोटांवर का मिटत नाही?

पेरू कापताना घडीच्या चाकूवर कितीही जोर दिला, तरी पातं मिटत नाही. तो जोर पात्याला उघडण्याच्याच दिशेने ढकलतो. खरा धोका टोक खुपसताना. तेव्हा पातं उलटं वळून बोटांवर येऊ शकतं.

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कॅडेटमध्ये पोलादी पट्टीची स्प्रिंग पात्याच्या बुडाशी दाबून बसते. ती पातं धरून ठेवते, पण जोर वाढला की सोडते. फ्रान्सच्या ओपिनेल ८ नंबरची युक्ती १९५५ची: मुठीच्या तोंडाशी असलेलं धातूचं कडं फिरवलं, की पातं मिटण्याची फटच झाकली जाते. दाराला कडी घालावी तसं!

वजन दोन्हींचं ५० ग्रॅमच्या आत. मात्र ओपिनेलची लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं अडकतं. कॅडेटची मूठ ॲल्युमिनियमची.

पावसाळ्यात खिशात ठेवायला कॅडेट बरा. लाकूड तासायचं असेल, तर ओपिनेलच घ्यावा.