अशील खरं बोलला तर?

'द डिफेंडर्स' या मालिकेतल्या प्रेस्टन या वकील बापलेकांची ओळख या आठवड्यात व्हायची होती, ती पुढच्या लेखात. रम्पोल या मालिकेतल्या वकिलावरचा मागचा लेख वाचून साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: अशिलाने वकिलासमोर 'हो, मीच मारलं' असं कबूल केलं, तर वकिलाने वकीलपत्र सोडायला नको का? वकिलांवरच्या बऱ्याच मालिका नेमक्या याच प्रश्नाला वळसा घालून पुढे जातात, म्हणून आधी तो निकाली काढलेला बरा.

सगळ्यात सोपा वळसा म्हणजे अशील निर्दोषच ठेवायचा. पेरी मेसन १९५७ ते १९६६ अशी नऊ वर्षं पडद्यावर होता आणि त्याचा अशील बहुतेक वेळा निर्दोष असायचा. खरा खुनी उलटतपासणीत कोसळायचा. आपल्याकडच्या 'अदालत'मधला के. डी. पाठकही त्याच कुळातला. या मालिका रंगतात, पण त्यांत वकिलाला स्वतःशी भांडावंच लागत नाही.

दुसरा वळसा जास्त हुशारीचा आहे: ऐकूनच घ्यायचं नाही. पीटर मॉफट हे लेखक होण्याआधी स्वतः बॅरिस्टर होते. त्यांची 'क्रिमिनल जस्टिस' २००८ साली बीबीसीवर आली. तिच्यावरून २०१६ मध्ये एचबीओने 'द नाइट ऑफ' केली आणि २०१९ मध्ये ती कथा हिंदीत मुंबईत येऊन पोचली. (हिंदी मालिकेच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक विशाल फुरिया, म्हणजे मराठी 'लपाछपी'चे दिग्दर्शक.) 'द नाइट ऑफ'मध्ये जॉन टर्टुरोने उभा केलेला जॉन स्टोन हा पोलीस ठाण्यांच्या फेऱ्या मारून आरोपी गाठणारा वकील. पायाला इसब, म्हणून सूटखाली सँडल. कोठडीतला घाबरलेला पोरगा घडलं ते सांगू पाहतो, तर स्टोन त्याला तिथेच थांबवतो. खरं काय ते त्याला नकोच असतं.

हा माणूस बेपर्वा आहे, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण त्यामागे वकिलीचा एक पक्का नियम आहे, आणि साताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. अशिलाने कबुली दिली म्हणून वकिलाला खटला सोडावा लागत नाही. सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, पुरावा अपुरा आहे असं ठणकावून सांगता येतं. जे करता येत नाही ते एवढंच: खोटं आहे हे ठाऊक असताना 'आरोपी त्या रात्री तिथे नव्हताच' अशी साक्ष उभी करणं. कबुली ऐकली की वकिलाचे हात तेवढे बांधले जातात. स्टोनला ते मोकळे हवे आहेत.

आपल्या कायद्याने तर हा प्रसंग संवादासकट लिहून ठेवला आहे. १८७२च्या पुरावा कायद्यातलं १२६वं कलम उघडावं. त्याखालच्या एका उदाहरणात अशील वकिलाला म्हणतो, की मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा. ही कबुली वकिलाने बाहेर फोडायची नाही, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हेगारी हेतू नव्हे. पुढच्या उदाहरणात अशील म्हणतो, की या बनावट दस्तावर मला मालमत्तेचा ताबा मिळवायचा आहे, दावा लावा. तिथे मात्र संरक्षण नाही. झालेला गुन्हा आणि पुढे करायचा गुन्हा यांच्यामध्ये कायदा अशी रेघ ओढतो. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद १३२व्या कलमात आली आहे. आरोपीच्या दोषाबद्दल स्वतःचं मत काहीही असलं तरी त्याचा बचाव करावा, हे बार कौन्सिलच्या नियमांतही आहे.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. माणसाला ते किती जड जातं, हे न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लेझंटच्या खटल्यात कळतं. १९७३च्या उन्हाळ्यात एका तरुणाच्या खुनासाठी रॉबर्ट गॅरोला पकडण्यात आलं. फ्रँक आर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज हे त्याचे वकील. गॅरोने त्यांना आणखी खून सांगितले आणि बेपत्ता असलेल्या दोन मुलींची प्रेतं कुठे टाकली तेही सांगितलं. वकील स्वतः तिथे गेले. एक जागा जुन्या खाणीत होती, दुसरी दफनभूमीत. त्यांनी फोटो काढले, परत आले आणि गप्प राहिले. त्यांतल्या एका मुलीचे वडील पुढे आर्मानींच्या कचेरीत येऊन समोर बसले, मुलीचं काही कळेल का म्हणून. आर्मानींनी काही सांगितलं नाही. आर्मानी स्वतःही मुलींचे बाप होते.

१९७४च्या जूनमध्ये गॅरोनेच साक्षीत कबुली दिली, तेव्हा वकिलांचं मौन लोकांना कळलं आणि संताप उसळला. बेल्जवर सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली आरोप ठेवण्यात आले, मृताला रीतसर दफन मिळू दिलं नाही असे; पुढच्या वर्षी न्यायालयाने ते रद्द केले. आर्मानींची वकिली मात्र बसली.

टीव्हीने ही गोष्ट दोनदा हाती घेतली. एबीसीने १९८७ मध्ये 'स्वॉर्न टू सायलेन्स' हा चित्रपट केला, तो वकिलांच्या बाजूने. २००३ मध्ये 'लॉ अँड ऑर्डर'च्या 'बॉडीज' या भागात तीच कोंडी उलटी फिरवली: प्रेतांची जागा माहीत असलेल्या तरुण वकिलावर सरकारी वकील मॅकॉय खटलाच भरतो. कायद्याच्या अंगाने मॅकॉयची बाजू लंगडी आहे. नाटक म्हणून मात्र हा भाग जास्त सच्चा आहे, कारण त्यात मुलींच्या घरच्यांचं दुःख आणि वकिलाची शपथ एकाच खोलीत आणून ठेवली आहेत, आणि कुणालाच मागच्या दाराने सोडलेलं नाही.

खऱ्या आयुष्यात पुढे आणखी एक प्रसंग घडला. १९७८ मध्ये गॅरो तुरुंगातून पळाला. तो कसा लपतो हे आर्मानींना अशील म्हणून त्याच्याकडूनच कळलेलं होतं, आणि या वेळी त्यांनी ते पोलिसांना सांगितलं: फार लांब जाणार नाही, जवळच दबा धरून बसेल. गॅरो तुरुंगाजवळच सापडला आणि पोलिसांच्या गोळीने मेला. हे बोलणं गोपनीयतेच्या नियमात बसत होतं की नव्हतं, यावर वकील अजून वाद घालतात. कायद्याच्या रेघेवर बोट ठेवलं तर त्यात खोट काढता येईल. पण पळालेला खुनी मोकाट असताना आर्मानींनी बोलायला हवं होतं, आणि ते बोलले.

पुढच्या लेखात मात्र प्रेस्टन बापलेक, आणि गर्भपातावरचा १९६२चा तो भाग, ज्यावरून नेहमीच्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं होतं.