वाहनदुरुस्ती क्षेत्रातील कुशल तंत्रज्ञांची उणीव : स्वरूप, कारणे व उपाय

प्रस्तावना

पुणे-चाकण, नाशिक व छत्रपती संभाजीनगर परिसरामुळे महाराष्ट्र वाहननिर्मितीत अग्रेसर आहे. तथापि, निर्मितीची जेवढी चर्चा होते तेवढी दुरुस्तीची होत नाही. गॅरेजमध्ये काम करणारे हात आजही मिळतात. उणीव आहे ती अचूक दोषनिदान करणाऱ्या तंत्रज्ञाची. प्रस्तुत लेखात या उणिवेचे स्वरूप, कारणे व महाविद्यालयांची भूमिका यांचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप

कार्बोरेटरच्या काळात दोष डोळ्यांना दिसे व कानांना ऐकू येई. प्लगवर काजळी दिसली की मिश्रणात पेट्रोल अधिक जात असल्याचे मिस्त्री ओळखी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि बहुतेक दुचाकींमध्येही इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण आले. आता दोषाची नोंद संगणकीय नियंत्रक संकेतांकाच्या रूपात करतो व ती स्कॅनरने वाचावी लागते.

परंतु संकेतांक म्हणजे निदान नव्हे. स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरचा दोष दाखविला, तरी मूळ कारण तुटलेली तार किंवा सायलेन्सरच्या नळीतील गळती असू शकते. मल्टिमीटरने तपासणी न करता सेन्सर बदलल्यास ग्राहकाचा खर्च होतो, दोष मात्र तसाच राहतो. विद्युत मोटारींच्या बॅटरीचा दाब तर शेकडो व्होल्ट असतो. तेथे अज्ञान प्राणघातक ठरू शकते.

कारणमीमांसा

१) उस्तादाच्या हाताखाली पाहून शिकण्याची परंपरा यांत्रिक कामासाठी समर्थ होती. मात्र विद्युत-प्रवाहाचे ज्ञान केवळ निरीक्षणाने मिळत नाही, आणि उस्तादाच्या स्वतःच्या शिक्षणाची सोयही अपुरी आहे.

२) औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सरावाचे इंजिन मागील पिढीचे असेल, तर प्रमाणपत्र मिळूनही कौशल्य अपुरे राहते.

३) स्कॅनर, त्याची अद्ययावत प्रणाली व कंपनीची तांत्रिक माहिती यांचा खर्च लहान गॅरेजला पेलवत नाही.

४) 'अभ्यासात मागे पडलेल्याने गॅरेजात जावे' ही पांढरपेशी धारणा सर्वांत घातक होय. ज्या कामास विश्लेषक बुद्धी लागते, त्याच कामापासून बुद्धिमान विद्यार्थी दूर ठेवला जातो.

उपाययोजना

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून अस्तित्वात आहे, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी.व्होक. पदवीची योजना आणली. या चौकटीत महाविद्यालयांना बरेच काही करता येईल. पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी कार्यरत मिस्त्रींसाठी मराठीतून सायंकालीन अल्पमुदतीचे वर्ग घ्यावेत. परिमंडल-आकृती वाचणे, मल्टिमीटर वापरणे, संकेतांकाचा अर्थ लावणे व उच्चदाब सुरक्षितता एवढा अभ्यासक्रमही मोलाचा ठरेल. परिसरातील गॅरेजेसनी सामाईक स्कॅनर घ्यावा व महाविद्यालयाने त्यास जागा द्यावी, हेही शक्य आहे.

समारोप

कुशल तंत्रज्ञांची उणीव ही केवळ संख्येची नसून ज्ञानाच्या वितरणाची समस्या आहे. मिस्त्रीच्या हाताला अनुभव आहे आणि महाविद्यालयाकडे सिद्धांत आहे. ब्रेक व सुकाणू यांवर प्रवाशांचे प्राण अवलंबून असल्याने या दोहोंतील अंतर कमी करणे ही शिक्षणक्षेत्राचीही जबाबदारी ठरते.